शुक्रवारी सहाला कोबा

“बाबा, आपल्या घराला दोन घंट्या कशाला?”

खरं म्हणजे हा प्रश्न मेर्लेचा नव्हताच. दिलारा आणि स्वेन्या या मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. शनिवारी दोघी बांधकाम बघायला आल्या, थर्माकोलच्या थप्प्यांवर बसून फोटो काढून झाले, आणि निघता निघता दिलाराचं लक्ष बाहेरच्या दाराच्या चौकटीकडे गेलं. तिथे जमिनीतून बोटाएवढ्या जाडीच्या दोन रिकाम्या नळ्या वर आल्या होत्या, पुढे कधीतरी आतून वायर ओढायला. दोन्हींवर बाबांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : ‘घंटी १’ आणि ‘घंटी २’.

“आमच्या बिल्डिंगला आठ घंट्या आहेत,” दिलारा म्हणाली, “कारण आम्ही आठ बिऱ्हाडं आहोत. तुमच्याकडे दुसरं कोण राहायला येतंय गं?”

“भूत,” स्वेन्या म्हणाली. “या आल्प पठाराच्या थंडीत कुडकुडून कंटाळलेलं. गरम फरशी मिळतेय म्हटल्यावर कोण सोडतो?”

“ए, विचार ना बाबांना. पण एकटे असताना नाही हं. बांधकामावरच्या खाण्याच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. नाही विचारलंस तर एक दिवस ती नारिंगी पँट घालून शाळेत यायचं,” दिलारा म्हणाली.

नारिंगी पँट हीटिंगवाल्या हेर व्योर्ले यांनी, म्हणजे व्योर्लेसाहेबांनी, दिली होती, गुडघ्यांवर जाड ठिगळांची, चालताना ताडपत्रीसारखा आवाज करणारी. नववीला असताना दोन आठवडे कुठेतरी खरं काम करून बघावं लागतं. जनावरांच्या दवाखान्यातली जागा वर्गातल्या तिघींनी आधीच पटकावली होती. मग मेर्लेनं सरळ गावातल्या हीटिंगवाल्याला फोन लावला. वर्षभरापूर्वी बेकरीत ‘एक ब्रेत्सेल द्या’ म्हणताना जिचा आवाज घशातल्या घशात राहायचा, तीच ही मुलगी फोनवर म्हणाली होती, “फोन उचलायला आणि कॉफी करायला ठेवणार असाल तर येत नाही. नळ्या टाकू देणार असाल तर येते.” मग हेर व्योर्ले म्हणाले, “बूट स्वतःचे आण.” आणि त्यांचं त्या पंधरवड्यातलं काम नेमकं मेर्लेच्याच नव्या घराचं निघालं. योगायोग कसला, गावात हीटिंगवाला एकच.

तर सोमवार, सकाळचे साडेनऊ. खिडक्या बसवणारे दोघं, हेर व्योर्ले, बाबा आणि मेर्ले, असे पाच जण थर्माकोलवर मांडी ठोकून बसले होते. कुणाच्या हातात पावात घातलेला मांसाचा गरम तुकडा, कुणाच्या हातात काकडीचं लोणचं. बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या. मेर्लेनं प्रश्न टाकला आणि बाबांकडे बघत राहिली.

बाबा नगरपालिकेत जमिनी मोजतात. कुणाचं कुंपण कुणाच्या हद्दीत चार बोटं घुसलंय, हे ते तिऱ्हाइतासारखं सांगतात आणि आवाज चढवत नाहीत. त्यांनी पावाचा घास पुरता चावला, गिळला.

“पुढेमागे भाडेकरू ठेवायचा झाला तर,” ते म्हणाले.

“ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,” हेर व्योर्ले पुटपुटले आणि सॉसेज कापत राहिले.

त्याचा अर्थ मेर्लेला लागला नाही. पैज जिंकली, एवढंच तिला कळलं. तिनं लगेच गाडीमागे जाऊन मैत्रिणींना फोनवर आवाजी निरोप पाठवला, “विचारलं! पाच जणांत विचारलं! भूत नाही, भाडेकरू आहे. पँट तुमची तुम्ही घाला!”

अर्ध्या तासानं हेर व्योर्ले यांनी तिच्या हातात नकाशा दिला आणि ते गाडीतून नळीचं भेंडोळं आणायला गेले. मेर्लेनं तो थर्माकोलवर पसरला. लांबच लांब बैठं घर, इंजिनासकट आगगाडीच म्हणा. आणि त्यात वाटप-पेट्या दोन. वाटप-पेटी म्हणजे भिंतीतलं कपाट, जिथून गरम पाणी खोल्याखोल्यांच्या नळ्यांत जातं. एवढ्या घराला एक पुरते, हे तिला आता ठाऊक झालं होतं. डाव्या पेटीच्या नळ्या निळ्या पेन्सिलीनं काढल्या होत्या, उजव्या पेटीच्या लाल. निळी कुठेही लालच्या बाजूला जात नव्हती. डावीकडे स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन खोल्या. उजवीकडे स्वयंपाकघर, न्हाणीघर, दोन खोल्या. डावीकडे बारीक अक्षरात लिहिलं होतं ‘आंके’. उजवीकडे ‘फोल्कर’.

आंके म्हणजे आई. फोल्कर म्हणजे बाबा.

मध्ये एक छोटी खोली, दोन्ही बाजूंना दाराची भोकं असलेली. तिच्यात लाल नाही, निळं नाही. नुसतं ‘मेर्ले’, आणि पुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.

हेर व्योर्ले भेंडोळं खांद्यावर घेऊन आत आले.

“हे प्रश्नचिन्ह कसलं?” तिनं विचारलं.

“ते होय. ते मला गुरुवारी दुपारपर्यंत कळायला हवं. तुझ्या खोलीची नळी कोणत्या पेटीला जोडायची ते. शुक्रवारी सकाळी सहाला कोबेवाले येतात, नळ्यांवर सिमेंटचा थर ओतायला, एकदा कोबा पडला की पन्नास वर्षं त्याला हात लावता येत नाही. ज्या बाजूनं नळी, त्या बाजूचं दार. दुसरं बुजवायचं. तुझे वडील म्हणाले की मुलगीच ठरव…”

मध्येच ते थांबले. भेंडोळं खाली ठेवलं.

“तुला सांगितलंय ना त्यांनी?”

“सांगितलंय की,” मेर्ले म्हणाली. “मला फक्त चिन्ह कळलं नव्हतं.”

आणि ती कामाला लागली. खाली उघड्या काँक्रीटवर केबलच्या नळ्या मागच्याच आठवड्यात टाकून झाल्या होत्या. त्यांच्यावर थर्माकोल, थर्माकोलवर चौकटी छापलेला प्लास्टिकचा कागद, आणि त्या चौकटींच्या रेषांवरून आता गरम पाण्याची नळी गोल गोल आत न्यायची, तिथून वळून पुन्हा बाहेर आणायची. उभ्यानंच पिना ठोकायचं एक काठीसारखं यंत्र असतं. दर अर्ध्या मीटरला एक पिन. खट. खट. वळणावर तीन. हेर व्योर्ले भेंडोळं सोडत होते, मेर्ले मागून ठोकत होती. डावीकडलं स्वयंपाकघर झालं. खट. आईचं स्वयंपाकघर. खट. दात काढायच्या आधी सुई देतात, आणि मग ओठ आपला की परका ते समजत नाही, गाल चावला तरी समजत नाही, तसं तिला झालं होतं. वाईट वाटतंय का, हे तिनं स्वतःला दोनतीनदा विचारून पाहिलं. काम मात्र झकास होत होतं.

“सरळ जातेय तुझी,” हेर व्योर्ले म्हणाले. “माझ्या दोन शिकाऊ पोरांच्या नळ्या अजून सापासारख्या जातात.”

संध्याकाळी बेकरीवरच्या भाड्याच्या घरात सूप वाढताना मेर्ले म्हणाली, “प्रश्नचिन्ह बघितलं मी.”

आईनं डाव खाली ठेवला. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, समोरचा घाबरला की तिचा आवाज आपोआप मऊ होतो. तसाच तो आता झाला.

“मेर्ले, आम्ही तुला सांगणारच होतो. कोबा वाळला की.”

“कोबा वाळायला सहा आठवडे लागतात.”

“हो. म्हणजे तोवर आम्हालाही नीट शब्द…”

“नकाशात तर सगळे शब्द आहेत.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग दोघांनी आळीपाळीनं सांगितलं. एकजण थांबला की दुसरा अगदी तिथूनच पुढे. वसंत ऋतूपासून ठरलंय, वेगळं व्हायचं. भांडण नाही, दुसरं कुणी नाही. नगरपालिकेनं प्लॉट देतानाच अट घातली होती, तीन वर्षांत घर बांधून त्यात राहायला हवं, नाहीतर प्लॉट परत. भिंती तर उभ्या राहिल्या होत्या. मग म्हटलं, एकच घर दोन करू. तू दोघांच्या जवळच राहशील.

“आणि मी कुठे?”

“ते तूच ठरवायचं,” बाबा म्हणाले. “आम्ही काही बोलणार नाही. तू आईकडे राहिलीस तरी मला चालेल.”

“आणि बाबांकडे राहिलीस तरी मला चालेल,” आई म्हणाली. “खरंच. मनावर काही घेऊ नकोस.”

दोघांनाही चालणार होतं. मेर्लेनं सूप संपवलं, वाडगा धुऊन ठेवला. फोनवर स्वेन्याचे अकरा निरोप पडले होते, त्यातले नऊ भुताबद्दल. तिनं एकालाही उत्तर दिलं नाही. अभ्यासाच्या वहीत एक पान काढलं, मध्ये रेघ मारली, डावीकडे ‘आई’ लिहिलं, उजवीकडे ‘बाबा’, आणि बसून राहिली. दोन्ही बाजूंना बसथांबा सारखाच लांब होता.

मंगळवारी तिला वाटलं, बाबा तोंडानं नाही बोलले तरी हातानं कुठेतरी बोललेच असतील. काँक्रीटवर केबलच्या नळ्या बाबांनी इलेक्ट्रिशियनबरोबर स्वतः टाकल्या होत्या, आणि झाकायच्या आधी घडीची मोजपट्टी शेजारी ठेवून प्रत्येक खोलीचा फोटो काढला होता. सगळेच काढतात, नाहीतर पुढे कुणीतरी फरशीला भोक पाडतो आणि केबल तोडतो. मेर्लेनं खाण्याच्या सुट्टीत बाबांचा फोन मागून घेतला आणि आपल्या खोलीचा फोटो बोटांनी मोठा केला. उजव्या दारातून, बाबांच्या बाजूनं, दोन नळ्या आत येत होत्या. एक इंटरनेटची, एक दिव्याची. मग तिनं फोटो डावीकडे सरकवला. डाव्या दारातूनही दोन. एक इंटरनेटची, एक दिव्याची. उजवीकडे भिंतीपासून वीस सेंटीमीटर, डावीकडेही वीसच सेंटीमीटर.

“काय शोधतेयस?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. चांगला फोटो आलाय.”

“दोन्हीकडून ठेवल्यात,” बाबा म्हणाले. “म्हणजे तुला मोकळेपणा.”

दिवसभर ती बाबांबरोबरच होती. भिंतींच्या कडेनं फोमची पट्टी लावायची होती, कोबा तापून फुगला तरी भिंतीला धक्का लागू नये म्हणून. बाबा पट्टी धरायचे, मेर्ले कापायची. दोघांना एकमेकांना सांगावं लागत नव्हतं. त्यांचा हात पुढे आला की सुरी त्यात असायची. चार खोल्या झाल्या तरी दोघांत मिळून दहा वाक्यंही झाली नसतील, आणि सगळी गोड.

“तुझं आणि बाबाचं भारी जमतं,” हेर व्योर्ले तिला म्हणाले. “मला तर उत्तर आत्ताच माहिताय. लांबीही त्याच बाजूला बरी पडते.”

“कसली लांबी?”

त्यांनी भिंतीवरच पेन्सिलीनं हिशेब मांडला. तिची खोली नऊ चौरस मीटर. दोन रेघांत दहा सेंटीमीटर ठेवले तर खोलीतच नव्वद मीटर नळी जाते. उजवी पेटी दाराजवळच, जाऊन येऊन आठ मीटर. अठ्ठ्याण्णव. डावी पेटी घराच्या पार त्या टोकाला, जाऊन येऊन बावीस. एकशे बारा.

“शंभराच्या वर गेलं की पाणी पोचेपर्यंत दमतं. आणि प्रत्येक पेटीत एकच तोंड शिल्लक आहे, म्हणजे दोन तुकडेही करता येत नाहीत.” त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. मग आवाज खाली आणला. “हे बघ पोरी, तुला जड जात असेल तर मी सांगतो त्यांना. नळीच्या लांबीमुळे उजवीकडे घ्यावं लागलं म्हणून. नळीवर कुणी रागवत नाही.”

“थँक्यू,” मेर्ले म्हणाली. “बघते.”

घरी जाताना तिला हलकं वाटायला हवं होतं. सुटकाच होती ती, कुणीतरी ताटात वाढून दिलेली. पण आत काहीच हललं नाही.

बुधवारी संध्याकाळी बाबांना नगरपालिकेत जावं लागलं, म्हणून आई न्यायला आली. मेर्ले दार उघडून गाडीत बसली, पाय आत घेतले, आणि आई किंचाळली.

“बूट! मेर्ले, बूट! परवाच गाडी आतून धुतलीय मी!”

“दिसले नाहीत मला.”

“दिसले नाहीत? अर्धी पिशवी सिमेंट घेऊन आलीयस आणि म्हणे दिसले नाहीत! उतर खाली. मोज्यांवर बस.”

“बाहेर बर्फ आहे आई!”

“मग बूट बाहेर काढून पाय आत घे, एवढी अक्कल नाही? भिंतीत नळ्या घालते म्हणे!”

“भिंतीत नाही, जमिनीत! तुला तेवढंही माहीत नाही! एकदा तरी आत येऊन बघितलंस का तू? तुझ्या स्वयंपाकघराची नळी मी टाकलीय, मी, माझ्या हातानं, आणि तुला गाडीतल्या गालिच्याचं पडलंय!”

“ओरडू नकोस.”

“तूच ओरडतेयस!”

“मी ओरडणारच! मला कुणी विचारलं, आंके, तुला ओरडावंसं वाटतंय का म्हणून? नाही ना! मग ओरडतेय!”

गाडीच्या काचा धुरकट झाल्या. मेर्लेनं एक बूट ओढून काढला आणि बाहेर भिरकावला, तो सिमेंटच्या गोणीवर आपटून चिखलात पडला. आईनं तो बघितला. “आता तो आणायला कोण जाणार?” ती म्हणाली. “तू!” मेर्ले म्हणाली. आई खरंच उतरली, दवाखान्यातल्या पांढऱ्या पँटीनिशी चिखलात गेली, बूट घेऊन आली आणि तो तिनं मागच्या सीटवर आपटला, चिखलासकट. मेर्लेचे कान तापले होते आणि उजव्या पावलाला भयंकर गार वाटत होतं. सोमवारपासून तिला पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं. बेकरीच्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत ते टिकलं. मग पुन्हा ओठ सुन्न.

गुरुवारी सकाळी सात वाजता तिनं हेर व्योर्ले यांना गाठलं.

“डावीकडून.”

त्यांनी कपातली कॉफी ढवळणं थांबवलं. “एकशे बारा मीटर, मेर्ले.”

“दहाऐवजी पंधरा सेंटीमीटरवर टाकू. खोलीत साठ आणि बाहेर बावीस. ब्याऐंशी झाले.”

“हिशेब बरोबर आहे. पण खोली गार राहील. जरा गारच. आणि जन्मभर गार, तिथे पुन्हा कुणी नळी टाकणार नाही.”

“स्वेटर घालीन.”

त्यांनी भिंतीवरचा परवाचा हिशेब हाताच्या पंजानं पुसला. “मग तूच टाक,” ते म्हणाले. “मी भेंडोळं सोडतो. दारातून जाताना नळीवर जाड कवच चढवायला विसरू नकोस, कोबा सांध्याला चिरतो तिथे नळी कापली जाते.”

डाव्या पेटीपासून सुरुवात. आईच्या स्वयंपाकघराच्या कडेनं, बोळातून, डाव्या दारातून आत. पंधरा सेंटीमीटरची पट्टी म्हणून तिनं एक लाकडाचा तुकडा कापून घेतला होता. खट. खट. मध्ये एकदा नळी मुडपली तेव्हा तिनं एक शिवी दिली, आणि हेर व्योर्ले म्हणाले, “आता झालीस तू कारागीर.” दुपारी एकला नळी परत पेटीपाशी पोचली. उजव्या दारात तिनंच फळी आडवी ठोकली आणि फळीला फोमची पट्टी लावली. मग सगळ्या नळ्यांत पाणी भरून दाब चढवला. काटा सहावर जाऊन उभा राहिला. कोबा पडेस्तोवर तो तिथेच राहायला हवा होता. तिनं मोजपट्टी कागदावर ठेवून खोलीचा फोटो काढला.

चारला आई आणि बाबा एकाच गाडीतून आले. हेर व्योर्ले यांनी दारातच सांगितलं, “काम झालंय. बाकीचं ती सांगेल,” आणि हत्यारं गाडीत भरायला निघून गेले.

दोघं बूट काढून मोज्यांवर आत आले, नळ्यांच्या मधल्या जागेत पाऊल जपून टाकत. मेर्ले तिच्या खोलीच्या मधोमध उभी होती, नारिंगी पँटीत. बाबांची नजर आधी उजव्या दाराकडे गेली, फळीकडे. तिथेच थांबली. मग त्यांनी हात खिशात घातले. आई फळीकडे बघतच नव्हती, ती खाली नळीच्या रेघा बघत होती, ती कुठून येते आणि कुठे जाते ते बोटानं हवेत गिरवत होती.

“मेर्ले,” बाबा म्हणाले, “तू जे ठरवलं असशील ते मला…”

“थांब बाबा, आधी मला बोलू दे.” तिला वाटलं होतं आवाज कापरा होईल. नाही झाला. सपाटच होता, गाडीतलं भांडण सोडलं तर सबंध आठवडाभर होता तसा. “मी आईकडे राहणार आहे. नळी लांबून आणलीय, म्हणून खोली जरा गार असेल, ते मला माहिताय. लांबीमुळे नाही ठरवलं, लांबीच्या हिशेबानं तर तुझ्याकडेच राहायला हवं होतं. बाबा, तुझ्याशी माझं पटतं. तुझ्याकडे राहिले तर मी रोज नीट वागेन, तूही नीट वागशील, आणि आपण दोघं कधीच काही बोलणार नाही. आईशी माझं भांडण होतं. मला सध्या नीट वागायचं नाहीये.”